कॉर्नियाच्या विकारांत नेत्रदाबाचे मापन : आकड्यावर किती विसंबावे ?

नेत्रविकाराचा रुग्ण वैद्याकडे येतो तो आता बहुधा हातात तपासणीचा कागद घेऊनच. त्या कागदावर चष्म्याचा क्रमांक असतो, चालू औषधांची नोंद असते आणि एका कोपऱ्यात दोन आकडे लिहिलेले असतात. हे दोन आकडे म्हणजे उजव्या व डाव्या डोळ्याचा नेत्रदाब. दाब १० ते २१ मि.मी. पारा या मर्यादेत असला की तो प्राकृत मानावयाचा, हे आपण सर्वांनी अभ्यासक्रमात शिकलेले आहे. त्यामुळे १४ किंवा १५ असा आकडा दिसला की काचबिंदूची शंका मनातून निघून जाते व आपण पुढील विचारास लागतो. ज्या डोळ्याचा कॉर्निया निरोगी आहे त्या डोळ्याच्या बाबतीत ही पद्धत बऱ्याच अंशी चालून जाते. परंतु कॉर्निया स्वतःच विकृत असेल तर तोच आकडा वैद्याची व रुग्णाची फसवणूक करू शकतो. ही फसवणूक कशी होते, कोणत्या विकारात आकडा कोणत्या बाजूस झुकतो आणि अशा वेळी वैद्याने व औषधविक्रेत्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

आमच्याकडून झालेली एक चूक

विषयाचे महत्त्व लक्षात यावे म्हणून प्रथम आमच्याच चिकित्सालयातील एका रुग्णाची हकीकत सांगतो. १९ वर्षे वयाचा एक विद्यार्थी डोळ्यांच्या खाजेसाठी आमच्याकडे आला. लहानपणापासून दर उन्हाळ्यात त्याचे डोळे लाल होत, चिकट स्राव येई आणि खाज इतकी असे की तो दिवसभर डोळे चोळीत असे. कधीकाळी एका चिठ्ठीवर मिळालेले थेंब तो जवळजवळ तीन वर्षे वापरीत होता. बाटली संपली की रिकामी बाटली औषधांच्या दुकानात दाखवावयाची व नवी घ्यावयाची, असा त्याचा क्रम होता. चष्म्याचा क्रमांक दर सहा महिन्यांनी बदलत होता. त्याच्या कागदावर हवेच्या झोताच्या यंत्राने घेतलेला नेत्रदाब उजवा १५ व डावा १४ असा होता.

तो आकडा पाहून आम्ही निश्चिंत झालो. स्टेरॉइडचे थेंब बंद करण्यास सांगितले खरे, परंतु दाब प्राकृत आहे, घाबरण्याचे कारण नाही, असेही सांगितले. खाजेची चिकित्सा सुरू केली. काही महिन्यांनी चष्म्याने नजर नीट होत नाही म्हणून तो एका नेत्रतज्ज्ञांकडे गेला, तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. पहिली, त्याला केराटोकोनस होता, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला होता आणि सर्वांत पातळ जागी त्याची जाडी अवघी ४२० मायक्रॉन होती. दुसरी, दृष्टिनाडीच्या शीर्षावरील खळगा मोठा झालेला होता व दृष्टिक्षेत्राचा वरचा काही भाग नाहीसा झालेला होता. कॉर्नियाच्या कडेच्या निरोगी भागावर दुसऱ्या यंत्राने मोजला असता दाब २६ व २४ भरला. थेंब बंद होऊनही तो एवढा होता. थेंब चालू असताना तो किती असेल याची केवळ कल्पनाच करावी लागते. पुढे योग्य उपचारांनी दाब आटोक्यात आला, परंतु गेलेले दृष्टिक्षेत्र परत आले नाही, कारण काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही.

आम्ही जो आकडा वाचला तो यंत्राने खोटा दिलेला नव्हता. यंत्राने पातळ व नरम कॉर्नियाचे उत्तर दिले आणि आम्ही ते डोळ्याच्या आतील दाबाचे उत्तर समजलो, ही आमची चूक होती.

यंत्र नेमके काय मोजते ?

डोळ्याच्या आत सुई घालून दाब मोजणे व्यवहारात शक्य नाही. म्हणून सर्व यंत्रे बाहेरून कॉर्नियावर बल लावतात आणि तो किती सहज दबतो यावरून आतील दाबाचा अंदाज करतात. हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबवर अंगठा दाबून आपण हवा किती आहे हे पाहतो, तसाच हा प्रकार होय. ट्यूबचे रबर जाड व कडक असेल तर हवा कमी असूनही ती घट्ट लागते. रबर झिजून पातळ झाले असेल तर हवा पुरेशी असूनही ती मऊ लागते.

१९०५ मध्ये नॉर्वेच्या शिओट्झ यांनी वजनाने कॉर्नियात खळगा पाडणारे यंत्र तयार केले. आपल्याकडील शिबिरांतून व लहान रुग्णालयांतून ते दीर्घकाळ वापरात होते. त्यात नेत्रगोलाच्या भिंतीच्या ताठरपणाचा फार मोठा परिणाम होतो. भिंत सैल असेल, जसे तीव्र मायोपियात असते, तर त्याचे मापन खऱ्याहून कमी भरते. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील बर्न येथील हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात कॉर्नियाचा लहानसा भाग सपाट करून दाब मोजण्याची पद्धत सिद्ध केली. आजही तीच प्रमाणभूत मानली जाते.

गोल्डमन पद्धतीचे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण सर्व त्रुटींचे मूळ तेथेच आहे. एखादा गोल अत्यंत पातळ, कोरडा आणि पूर्ण लवचिक असेल तर त्याचा ठरावीक भाग सपाट करण्यास लागणारे बल भागिले त्या भागाचे क्षेत्रफळ म्हणजे आतील दाब होय. परंतु कॉर्निया पातळ नाही, कोरडा नाही व पूर्ण लवचिकही नाही. त्याचा ताठरपणा यंत्रास विरोध करतो व आकडा वाढवितो. उलटपक्षी अश्रूंचा थर यंत्राच्या टोकास आपल्याकडे ओढतो व आकडा कमी करतो. गोल्डमन यांनी असे दाखविले की ३.०६ मि.मी. व्यासाचा भाग सपाट केला तर ही दोन बले एकमेकांना जवळजवळ निरस्त करतात. शिवाय या व्यासात १ ग्रॅम बल म्हणजे बरोबर १० मि.मी. पारा इतका दाब होतो, ही गणिताची मोठी सोय झाली.

मात्र हा समतोल सुमारे ५२० मायक्रॉन जाडीच्या, गुळगुळीत पृष्ठाच्या व प्राकृत घडणीच्या कॉर्नियासाठी आहे. जाडी बदलली, घडण बदलली वा पृष्ठभाग खडबडीत झाला की समतोल ढळतो. प्राकृत व्यक्तींतही जाडी सारखी नसते. अमेरिकेत नेत्रदाब वाढलेल्या १,६३६ व्यक्तींवर झालेल्या ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५५५ मायक्रॉन वा त्याहून कमी जाडी असलेल्यांना काचबिंदू होण्याचा धोका ५८८ मायक्रॉनपेक्षा अधिक जाडी असलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. तेव्हापासून कॉर्नियाची जाडी मोजणे हा काचबिंदूच्या तपासणीचा आवश्यक भाग झाला. निरोगी कॉर्नियात जर जाडीस एवढे महत्त्व, तर रुग्ण कॉर्नियात किती असेल, हे सांगणे न लगे.

कोणत्या विकारात आकडा कोणत्या बाजूस झुकतो ?

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कृष्णगत रोग चार सांगितले आहेत : सव्रण शुक्र, अव्रण शुक्र, अक्षिपाकात्यय व अजका. आधुनिक व्याधींशी यांचे एकास एक जुळविणे योग्य होणार नाही. तथापि व्रण, व्रणानंतर राहिलेले फूल, सर्व कृष्णमंडल व्यापणारा पाक आणि भिंत भेदून शेळीच्या लेंडीप्रमाणे वर येणारा उंचवटा, असा जो क्रम तेथे दिसतो, तो मापनाच्या दृष्टीनेही उपयोगी आहे. कॉर्नियात मृदुता आली आहे, काठिण्य आले आहे की विषमता आली आहे, हा प्रश्न वैद्याने प्रथम विचारावा.

१. पातळ कॉर्निया : केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ व दुर्बळ होतो, म्हणून आकडा खऱ्याहून कमी येतो. चष्मा घालविण्यासाठी केलेल्या लेसिक शस्त्रक्रियेनंतरही कॉर्नियाचा काही भाग कमी केलेला असल्यामुळे हीच स्थिती असते. पुष्कळ रुग्ण ही शस्त्रक्रिया झाल्याचे आपणहून सांगत नाहीत. तेव्हा पूर्वी चष्मा होता का, तो कसा गेला, हे विचारून घ्यावे. लेसिकनंतर स्टेरॉइडमुळे दाब वाढला तर क्वचित वरच्या पापुद्र्याखाली द्रव साठतो. अशा वेळी यंत्र त्या द्रवाच्या थरावरच टेकते आणि आत दाब बराच वाढलेला असूनही आकडा प्राकृत वा कमी दिसतो.

२. शोथयुक्त कॉर्निया : येथे सर्वाधिक फसगत होते. शोथामुळे कॉर्निया जाड झालेला असतो. जाड कॉर्नियात आकडा जास्त येतो हे सूत्र पाठ असणारा चिकित्सक म्हणतो की आकडा जास्त आला असेल, यातून काही वजा करू. वस्तुतः स्पष्ट शोथात पाण्याने भिजलेला कॉर्निया मऊ पडतो, थोड्या बलाने सपाट होतो आणि आकडा खऱ्याहून कमी येतो. आधीच कमी आलेल्या आकड्यातून आणखी वजा केले तर चूक दुप्पट होते. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ राहिलेल्या शोथात हे लक्षात ठेवावे.

३. फूल पडलेला कॉर्निया : व्रण भरून आल्यावर राहिलेली दाट व्रणवस्तू कठीण असते, म्हणून तेथे मोजलेला आकडा खऱ्याहून जास्त येतो. कॉर्नियात चुन्याचा पट्टा साठला असेल तरीही तसेच होते. अशा रुग्णास दाब नसताना वर्षानुवर्षे काचबिंदूचे थेंब चालू राहण्याचा संभव असतो. मात्र फूल आहे म्हणून आकडा खोटाच, असेही गृहीत धरू नये. व्रणाच्या वेळी बुबुळ चिकटून द्रवाचा मार्ग बंद झाला असेल तर दाब खरोखरच वाढलेला असतो.

४. खडबडीत पृष्ठभाग : गोल्डमन पद्धतीत हिरवट पिवळी दोन अर्धवर्तुळे दिसतात व त्यांच्या आतील कडा जुळल्या की आकडा वाचावयाचा असतो. पृष्ठभाग विषम असेल तर ही अर्धवर्तुळे वेडीवाकडी, तुटक दिसतात आणि कडा कोठे जुळल्या हे ठरविणे अंदाजाचे काम होते. तीन डायऑप्टरहून अधिक नियमित दृष्टिवैषम्य असेल तर प्रिझम फिरवून मापन करावे लागते. केराटोकोनससारख्या अनियमित वैषम्यात तोही उपाय पुरा पडत नाही.

५. कॉर्नियाचे प्रत्यारोपण : यात टाके, विषम पृष्ठ, जाडीतील फरक व शोथ हे सर्व एकत्र येतात. त्यातच कलम टिकावे म्हणून स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ द्यावे लागतात. म्हणजे ज्या डोळ्यात दाब वाढण्याचा संभव अधिक, त्याच डोळ्यात तो मोजणे सर्वांत कठीण. कृत्रिम कठीण कॉर्निया बसविलेल्या डोळ्यात तर कोणतेच यंत्र कॉर्नियावर चालत नाही. तेथे बोटांनी नेत्रगोल चाचपून पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

निरनिराळी यंत्रे व त्यांच्या मर्यादा

रुग्णाच्या कागदावरील आकडा कोणत्या यंत्राने घेतला आहे हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. यंत्राचे नाव नसलेला आकडा अर्धवट माहिती देतो.

हवेच्या झोताचे यंत्र १९७० च्या दशकात प्रचारात आले. त्यात डोळ्यास स्पर्श होत नाही, भूल लागत नाही व संसर्गाचे भय कमी असते. चाळणी तपासणीस ते सोयीचे आहे, परंतु विषम पृष्ठाच्या व शोथयुक्त कॉर्नियात ते विश्वसनीय नाही. आमच्या रुग्णाचा आकडा याच यंत्राचा होता.

टोनोपेन हे लेखणीच्या आकाराचे यंत्र आहे. त्याचे संवेदक टोक सुमारे १ मि.मी. व्यासाचे असल्याने कॉर्नियाच्या अगदी लहान भागावर ते टेकते. म्हणून मध्यभागी फूल असेल तर बाजूच्या स्वच्छ भागावर मापन करता येते. हवेच्या दाबावर चालणारे, टोकास पातळ पडदा असलेले न्यूमोटोनोमीटरही विषम कॉर्नियात उपयोगी ठरते, परंतु ते मोजक्याच ठिकाणी असते.

आयकेअर हे फिनलंडमध्ये तयार झालेले यंत्र २००३ पासून बाजारात आले. त्यात एक बारीक सळई कॉर्नियावर हलकेच आदळून परत येते व तिच्या परतीच्या गतीवरून दाब ठरविला जातो. भुलीचे थेंब लागत नाहीत, म्हणून बालकांत ते सोयीचे आहे. कॉर्नियाची जाडी व घडण यांचा परिणाम यातही होतोच.

कॉर्नियाच्या वक्रतेशी जुळणाऱ्या टोकाने मापन करणारे पास्कल यंत्र जाडीच्या फरकाने कमी विचलित होते, परंतु त्यास पृष्ठभाग बऱ्यापैकी नियमित लागतो. २००५ च्या सुमारास आलेले ऑक्युलर रिस्पॉन्स अॅनालायझर हे हवेच्या झोताने कॉर्निया आत जाताना व बाहेर येताना अशा दोन वेळी दाब नोंदवते आणि त्या फरकावरून कॉर्नियाच्या घडणीचाही अंदाज देते.

या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. रुग्ण कॉर्नियात सर्वथा निर्दोष असे एकही यंत्र नाही. म्हणून एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून दाब वाढला वा कमी झाला असा निष्कर्ष काढू नये. एकाच रुग्णात शक्यतो तेच यंत्र, कॉर्नियावरील तीच जागा व दिवसाची तीच वेळ ठेवावी, कारण निरोगी डोळ्यातही दाब दिवसभरात काही मि.मी.ने वरखाली होत असतो.

जाडीवरून आकडा दुरुस्त करण्याची सूत्रे व कोष्टके प्रसिद्ध आहेत. मात्र ती एकमेकांशी जुळत नाहीत आणि एकेका रुग्णास लावण्याइतकी खात्रीची नाहीत. त्यातही ती निरोगी डोळ्यांच्या निरीक्षणांतून निघालेली आहेत. म्हणून रुग्ण कॉर्नियात या सूत्रांनी खरा दाब काढू नये. जाडीची नोंद अवश्य करावी, परंतु तिचा उपयोग आकडा कोणत्या बाजूस झुकलेला असेल एवढे समजण्यापुरता करावा.

मापनातील सामान्य दोष

कॉर्नियाचा विकार नसतानाही काही दोषांमुळे आकडा चुकतो. रंगद्रव्य अधिक घातले तर अर्धवर्तुळे जाड दिसून आकडा वाढतो, फार कमी असेल तर घटतो. घट्ट कॉलर, श्वास रोखून धरणे, पापण्या आवळणे आणि तपासणाऱ्याचे बोट नेत्रगोलावर दाबले जाणे यांनी आकडा वाढतो. कॉन्टॅक्ट लेन्सवरून घेतलेले मापनही भरवशाचे नसते.

आपल्या चिकित्सेच्या संदर्भात आम्ही येथे एक सूचना करू इच्छितो. तर्पण, पुटपाक वा अंजन झाल्यावर डोळ्यात स्नेहाचा वा औषधाचा थर राहतो. अशा डोळ्यात अर्धवर्तुळे स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून दाबाचे मापन क्रियाकल्पापूर्वी करून घ्यावे व कागदावर तशी नोंद करावी.

आकड्यावाचून काय पाहावे ?

दाबाचा आकडा अविश्वसनीय ठरला म्हणजे रुग्ण सोडून द्यावयाचा नसतो. काचबिंदूचे खरे स्थान दृष्टिनाडी आहे व तिची परीक्षा इतर मार्गांनी करता येते.

पहिली परीक्षा दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने टॉर्चचा प्रकाश टाकण्याची. एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर प्रकाश नेल्यावर बाहुली आकुंचन न पावता विस्तारली, तर त्या डोळ्याची दृष्टिनाडी क्षीण झाल्याची शंका घ्यावी. कॉर्निया धूसर असून त्या डोळ्याची बाहुली दिसत नसेल तर चांगल्या डोळ्याच्या बाहुलीकडे पाहूनही हे समजते. या परीक्षेस खर्च नाही. दोन्ही डोळे सारखेच बिघडलेले असतील तर मात्र ती उपयोगी पडत नाही. आमच्या रुग्णाचेही तसेच होते.

दुसरी परीक्षा दृष्टिनाडीच्या शीर्षाची. कॉर्नियातून दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून खळग्याची नोंद व शक्य तेव्हा छायाचित्र करून घ्यावे. तिसरी परीक्षा दृष्टिक्षेत्राची. चौथी परीक्षा दुसऱ्या डोळ्याची. ज्या डोळ्याचा कॉर्निया निरोगी आहे त्यात काचबिंदू असेल तर विकृत डोळ्यातही तो शोधलाच पाहिजे. कॉर्निया पूर्ण अपारदर्शक असेल तर ध्वनिलहरींच्या तपासणीत दृष्टिनाडीचा फार खोल खळगा दिसू शकतो.

बोटांनी चाचपून पाहण्याची पद्धत आपल्यास परिचित आहे. रुग्णास डोळे मिटून खाली पाहावयास सांगावे. वरच्या पापणीवर दोन्ही तर्जनी ठेवून एकीने हलकेच दाबावे, दुसरीने लहर अनुभवावी आणि दोन्ही डोळ्यांची तुलना करावी. डोळा दगडासारखा कठीण आहे की फार मऊ आहे, एवढेच यावरून कळते. मधल्या वाढीबाबत अनुभवी हातही चुकतो, म्हणून चाचपून दाब ठीक आहे असा निर्वाळा देऊ नये. आघात झालेल्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा खोल व्रण असलेल्या डोळ्यावर बोट मुळीच दाबू नये. तेथे कॉर्निया फुटण्याचे भय असते. सव्रण शुक्रात स्पर्श करणाऱ्या यंत्राने मापन करण्याचा आग्रहही याच कारणाने व संसर्गाच्या भयाने धरू नये.

अधिमंथाचा इशारा

उत्तरतंत्रात अधिमंथाचे जे वर्णन आहे, डोळा उपटला जात आहे, घुसळला जात आहे असे वाटणे व अर्ध्या मस्तकात तीव्र शूल, ते वाचताना तीव्र काचबिंदूची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मिथ्या उपचार झाल्यास कफज अधिमंथ सात रात्रींत, वातज सहा रात्रींत, रक्तज पाच रात्रींत आणि पित्तज तत्काळ दृष्टीचा नाश करतो, अशी कालमर्यादाही तेथे दिलेली आहे. तीव्र काचबिंदूत दाब इतका वाढतो की त्यामुळेच कॉर्नियावर शोथ येतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात आणि वर सांगितल्याप्रमाणे आकडा खऱ्याहून कमी येऊ शकतो. म्हणून लाल डोळा, तीव्र वेदना, उलटी व धूसर कॉर्निया अशी लक्षणे असता आकड्याची चर्चा करीत बसू नये. रुग्ण त्याच दिवशी नेत्ररुग्णालयात पोहोचला पाहिजे.

परंतु ज्या काचबिंदूने अधिक रुग्णांची दृष्टी हळूहळू जाते, त्यात शूल नसतो, लाली नसते. तेथे अधिमंथाची लक्षणे येण्याची वाट पाहणे म्हणजे दृष्टी जाण्याची वाट पाहणे होय.

औषधविक्रेत्यांस विनंती

कॉर्नियाचा रुग्ण व स्टेरॉइडचे थेंब यांची गाठ वारंवार पडते. खाजेने डोळे चोळणाऱ्या मुलांत केराटोकोनसचे प्रमाण अधिक असते आणि खाज लवकर थांबते म्हणून तीच मुले हे थेंब मागावयास येतात. चार ते सहा आठवडे हे थेंब घातल्यास सुमारे एक तृतीयांश व्यक्तींत दाब मध्यम प्रमाणात वाढतो व शेकडा ५ च्या आसपास व्यक्तींत तो १५ मि.मी.हूनही अधिक वाढतो, हे १९६० च्या दशकातील अभ्यासांपासून ज्ञात आहे. ज्या डोळ्यात दाब वाढण्याचे कारण आहे त्याच डोळ्यात आकडा कमी दाखविणारा कॉर्निया आहे, असा हा दुहेरी धोका होय.

डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यांसारखी द्रव्ये असलेले थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकावयाचे नाहीत, हा कायदा आहे. पुष्कळदा ही द्रव्ये प्रतिजैविकासह एकाच बाटलीत असतात व ग्राहक त्यांस डोळे आल्याचे औषध म्हणून ओळखतो. म्हणून बाटलीवरील घटक वाचून मगच ती द्यावी. रिकामी बाटली ही चिठ्ठी नव्हे. शेतात उसाचे पान वा धान्याचे कूस लागून डोळा लाल झालेल्या ग्राहकास तर हे थेंब कदापि देऊ नयेत. अशा व्रणात बुरशीचा संसर्ग असण्याचा संभव असतो व स्टेरॉइडने तो झपाट्याने वाढतो. तसेच ज्या रुग्णास नेत्रतज्ज्ञांनीच हे थेंब दिले आहेत, उदाहरणार्थ प्रत्यारोपणाच्या रुग्णास, त्याने ते आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत, हेही सांगावे.

वैद्यांनी पाळावयाचे नियम

१. रुग्णाच्या कागदावर दाबाचा आकडा, यंत्राचे नाव व मापनाची वेळ या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. नसल्यास विचारून घ्याव्यात.

२. आकडा वाचण्यापूर्वी कॉर्निया पाहावा. तिरकस प्रकाशात फूल, धूसरता व विषमता टॉर्चनेही दिसते. रुग्णास खाली पाहावयास सांगितले असता खालची पापणी टोकदार होऊन पुढे आली तर केराटोकोनसची शंका घ्यावी. आरंभीच्या अवस्थेत हे चिन्ह नसते, म्हणून चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलणे हीच खूण समजावी.

३. पातळ व शोथयुक्त कॉर्नियात प्राकृत आकडा म्हणजे काचबिंदू नाही असे समजू नये. फूल असलेल्या कॉर्नियात वाढलेला आकडा म्हणजे काचबिंदू आहेच असेही समजू नये. दोन्ही प्रसंगी दृष्टिनाडीची परीक्षा करून घ्यावी.

४. स्टेरॉइडचा इतिहास प्रत्येकास विचारावा. थेंबांप्रमाणेच मलम, नाकातील फवारे व पोटात घेतलेली औषधेही विचारावीत.

५. नेत्रतज्ज्ञांनी दिलेले काचबिंदूचे थेंब, आपली चिकित्सा सुरू केली म्हणून, बंद करण्यास सांगू नये. आपल्या चिकित्सेने दाब उतरला असे म्हणण्यापूर्वी ते मापन कोणत्या कॉर्नियावर व कोणत्या यंत्राने झाले, हे स्वतःस विचारावे.

६. शंका असल्यास रुग्णास पाठविताना चिठ्ठीवर 'कॉर्निया विकृत आहे, दृष्टिनाडीची व दृष्टिक्षेत्राची परीक्षा व्हावी' एवढे स्पष्ट लिहावे. नुसते 'दाब तपासावा' असे लिहिले तर आणखी एक आकडा परत येईल.

यांपैकी दुसरा व चौथा हे दोन नियम आम्ही त्या विद्यार्थ्याच्या वेळी पाळले असते, तर त्याच्या दृष्टिक्षेत्राचा बराच भाग कदाचित वाचला असता. तो अद्याप नियमित तपासणीस जातो व दरवेळी कागद आम्हास आणून दाखवितो. आता आम्ही प्रथम कॉर्नियाची जाडी, मग दृष्टिक्षेत्राचा आलेख आणि सर्वांत शेवटी दाबाचा आकडा वाचतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या संग्रही असे रुग्ण असतील, त्यांनी त्यांचे जुने कागद या दृष्टीने पुन्हा एकदा काढून पाहावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.